इंझोरीचा हवाई थांबा

जगदेव तायडे आणि विमान यांची पहिली भेट झाली, त्या बुधवारी इंझोरीत नेमकं काय काय घडलं याबद्दल गावात अजून एकमत नाही. खेमाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या म्हशीनं त्या दिवसापासून दूध चोरायला सुरुवात केली. रंगूबाई सांगते की तिच्या कोंबड्यांनी एकदम सात अंडी घातली, आणि त्यातलं एक कोंबड्याचं होतं. शाळेतली पोरं विमान बघायला म्हणून मैदानात सोडली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोळा झाली नाहीत. दोन गुरुजीसुद्धा त्यांच्यातच सापडले. पाण्याच्या टाकीची गळती विमानाच्या आवाजानं थांबली असंही एक जण शपथेवर सांगतो. पण तो सरपंचाचा मेहुणा असल्यामुळे ते सोडून देऊ.

सगळ्यांच्या सांगण्यात एवढं मात्र सारखं आहे: पोहरादेवीच्या बाजूनं एक पांढरं, एका पंख्याचं, जीपएवढं विमान आलं. गावावर त्यानं दोन चकरा मारल्या. मग पंख डावी-उजवीकडे हलवून एका घराला नमस्कार केला आणि कारंजाच्या दिशेनं निघून गेलं.

ते घर हेमसिंग पेंटरचं होतं.

हेमसिंगनं दोन्ही हात वर करून टाटा केला. त्याची बायको तर रडलीच. आणि तिथून सात घरं पलीकडे, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून सकाळी आठपासून अंगणात उभा असलेला जगदेव तोंड उघडं ठेवून आभाळाकडे बघत राहिला. कारण विमानात हेमसिंगचं कोणी नव्हतं. विमानात जगदेवची मुलगी होती.

जगदेवनं एसटीत एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा कारंजाच्या बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून. काचेच्या खोलीत बसायचं, गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या आणि उशीर झाला की कर्ण्यावरून दिलगिरी व्यक्त करायची. ही दिलगिरी तो इतक्या मनापासून व्यक्त करी, की गाडी आली नाही तरी लोक समाधानानं घरी परत जात. निवृत्त होताना डेपोनं त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि डेपोवाले त्याची शिट्टी परत मागायला विसरले. ती त्यानं आठवण करून न देता ठेवून घेतली. आयुष्यात एकच गोष्ट राहून गेली याची त्याला खंत होती. जलद गाडीला इंझोरीत थांबा मिळावा म्हणून त्यानं स्वतःच्याच खात्याला अर्जांमागून अर्ज केले होते. जलद गाड्या अजूनही इंझोरीतून धूळ उडवत निघून जातात.

मुलगी योगिनी तेवीस वर्षांची. शिष्यवृत्ती मिळवून ती विमान चालवायच्या शाळेत गेली, तेव्हा बेबीताईनं, म्हणजे तिच्या आईनं, एकच प्रश्न विचारला होता, "वर गेल्यावर कोनी सोबत राह्यते का व?" सुरुवातीला सर असायचे. मग एक दिवस योगिनीचा फोन आला की आता एकटीनं उडवायचं आहे, सरावाचं रान, म्हणजे शिकाऊ विमानांना नेमून दिलेलं आभाळ, थेट आपल्या तालुक्यावर येतं, बुधवारी दहाला अंगणात उभे राहा.

आणि झालं ते असं झालं. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, होते का अंगनात?"

"आमी आठ वाजतापासून होतो माय. तू कोठी होती?"

"म्हंजे? मी दोन चकरा नाही का मारल्या? पंख हलवले ना मी!"

"ते हेमसिंगच्या घरावर हलवले तू. तो सकाळपासून गावभर सांगून राह्यला का पोरीनं मले सलाम ठोकला म्हनून."

पलीकडे योगिनी हसली. "वरून सारं सारखंच दिसते बाबा," ती म्हणाली. "टिनंच टिनं. टाकी दिसते, विहार दिसते. आपलं घर नाही सापडत."

आपलं घर पोरीला सापडत नाही, हे वाक्य जगदेवला सहन झालं नाही. ज्या माणसानं चौदा वर्षं लोकांना त्यांची गाडी शोधून दिली, त्याच्या मुलीला स्वतःचं घर सापडू नये? दुसऱ्याच दिवशी त्यानं हेमसिंगला बोलावलं. छपराचे अठरा टिनपत्रे रंगवायचे ठरले. वाद झाला तो रंगावरून.

"निळा द्या," बेबीताई म्हणाली. तिच्या घरात दार, खिडकी, पाळणा, सगळं निळंच होतं.

"भाभी, निळा नोको," हेमसिंग म्हणाला. "अर्ध्या गावावर निळी ताडपत्री हाये. पोरगी कोनाकोनाच्या घरावर सलाम करन?"

"मंग हिरवा."

"खाली तूर हाये, आजूबाजूले तूर हाये. तुमचं घर तुरीत जाईन."

जगदेवनं निकाल दिला. "एसटीचा लाल. तो रंग दिसला का मानूस आपोआप हात करते."

हेमसिंगनं आयुष्यात दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या होत्या. एवढा मोठा फळा त्याला कधी मिळाला नव्हता. तीन दिवस तो छपरावर राहिला. जेवण त्याला शिडीवरून पोचतं करावं लागलं. लाल रंगाला मधून एक पिवळा पट्टाही मारला. शेवटी, कोणाला न विचारता, कोपऱ्यात आपला मोबाइल नंबर घातला. त्या नंबरवर आभाळातून अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

पुढच्या बुधवारी विमान आलं आणि सरळ जगदेवच्या घरावर आलं. हेमसिंगच्या घराकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. एक चकर, दुसरी चकर, पंख डावीकडे, पंख उजवीकडे. सगळं मिळून जेमतेम दीड मिनिट. जगदेवनं हात वर केला तो विमान दिसेनासं झाल्यावरही खाली घ्यायचा विसरला. बेबीताईनं हात केला नाही. ती मान मागे टाकून नुसती बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणालीस, असं जगदेवनं नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही. जेवली का, इचारलं."

संध्याकाळी फोनवर तिनं आधी तेच विचारलं, आणि मग म्हणाली, "मी दिसली का व तुले?"

दोन हजार फुटांवरून माणूस म्हणजे जिऱ्याचा दाणा. पण योगिनी म्हणाली, "दिसली ना आई. हिरवं लुगडं होतं तुह्यं."

बेबीताई त्या दिवशी जांभळं लुगडं नेसली होती. तिनं अंगावरच्या पदराकडे एकदा बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "हो माय. हिरवंच होतं."

मग ते नेमाचं झालं. बुधवार आणि शनिवार, दहाच्या सुमारास. बेबीताई त्या दिवशी शेतात उशिरा जाई. जगदेव खुर्ची टाकून बसे. घरात पोरगी असताना तिला दिवसभर "जेवून घे", "लाइट बंद कर" एवढंच म्हणणारी ही दोन माणसं आता ते दीड मिनिट आठवडाभर पुरवून पुरवून वापरत. आज थोडी खालून गेली. आज वळताना रेंगाळली. आज पंख तीनदा हलवले, काही सांगायचं असेल. विमान येई ते कोणत्याही विमानासारखंच येई, आत कोण आहे ते दिसत नसे. पण घरावर येई, आणि त्यामुळे ते योगिनीच होतं.

डिसेंबरात दुसरी विमानं यायला लागली.

सोमवारी एक, मंगळवारी दोन. सगळी जगदेवच्या घरावर येत आणि तिथून डावीकडे वळत. योगिनीनं फोनवर खुलासा केला.

"बाबा, तुमचं टिन फेमस झालं. आमच्या शाळेतले सारे तुमच्याच घरावरून वळून राह्यले. रानात दुसरं काही ओळखूच येत नाही ना. रेडिओवर सांगतेत, लाल छपरावर हाओ, डावीकडे वळून राह्यलो."

"कोनाले सांगतेत?"

"एकमेकांले. सारे एकाच रेडिओवर राह्यतेत. आपन कुठं हाओ, किती उंच हाओ, ते आपनच सांगायचं. आन् डोळे उघडे ठेवायचे."

"आन् कंट्रोलर?"

"तो धावपट्टीपाशी असते बाबा. रानावर कोनीच नसते."

काचेच्या खोलीत कोणी नाही, आणि गाड्या चालू आहेत! जगदेवला क्षणभर काळजीनं घेरलं. पण अभिमान मोठा खोडकर असतो. तो काळजीला पाट देऊन बसवतो आणि आपण ताट ओढतो. जलद एसटीनं ज्या इंझोरीला हिंग लावून विचारलं नाही, तिथं आता विमानांनी थांबा केला होता, आणि तोही अर्जावाचून! जगदेवनं खुर्ची अंगणाच्या मध्यभागी सरकवली. विमानाचा आवाज आला की तोंडाशी मूठ धरून तो गल्लीला ऐकू जाईल अशा सुरात म्हणे, "धनजकडून येणारी गाडी इंझोरी थांब्यावर येत आहे. प्रवाशांनी घाई करू नये."

"प्रवाशी कुठं हायेत साहेब?" खेमा भिंतीपलीकडून विचारी.

"येतीन. थांबा तं होऊ दे."

जानेवारीतला तो शनिवार. आभाळ धुतल्या ताटासारखं स्वच्छ. दहाला पाच कमी असताना पोहरादेवीकडून एक विमान दिसलं. जगदेव उठून उभा राहिला. बेबीताईनं पदर सारखा केला. त्याच वेळी मागून, धनजच्या बाजूनंही, आवाज आला.

जगदेवनं वळून बघितलं आणि परत वळून बघितलं. दोन्ही एकाच उंचीवर. दोन्ही एकाच जागेकडे, त्याच्या छपराकडे, येत होती. कोणीच कोणाला जागा करून देत नव्हतं. बसस्थानकावर मागे सरकणारी गाडी आणि तिच्यामागून धावणारी म्हातारी त्यानं हजारदा बघितली होती. तिथं तो कर्ण्यावर ओरडत असे. इथं कर्णा नव्हता. त्याचा हात खिशात गेला आणि शिट्टी निघाली. दोन हजार फुटांवर, इंजिनाच्या घरघरीत, काच बंद असताना एसटीची शिट्टी किती ऐकू जाते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो वाजवत राहिला. गल्लीतली माणसं बाहेर आली. जगदेवचा चेहरा जांभळा झाला, पण शिट्टी थांबली नाही.

अगदी शेवटी पोहरादेवीकडचं विमान उजवीकडे कलंडलं आणि दगडासारखं खाली घसरलं. दुसरं आपलं सरळ, निवांत, त्याच्या डोक्यावरून निघून गेलं. त्यातल्या माणसाला काही झाल्याचा पत्ताही नव्हता. घसरलेलं विमान तुरीच्या वर सावरलं, हळूहळू उंच झालं आणि क्षितिजाकडे गेलं. पंख हलवले नाहीत.

बेबीताई ओट्यावर बसली. "त्यातलं आपलं कोनतं होतं?" तिनं विचारलं.

जगदेवला माहीत नव्हतं. तो फोन हातात घेऊन बसला. करायचा कसा? ती वर असेल तर उचलणार नाही, आणि उचलला नाही तर काय समजायचं? दीड वाजता फोन आपणच वाजला.

"बाबा."

"बोल माय."

"तुमाले दिसलं का?"

"दिसलं."

"खाली गेली ते मी. वरच्यात सपना होती, माह्याच खोलीतली. तिले मी दिसलीच नाही. रेडिओवर सांगायचं दोघीयचंही राह्यलं. उतरल्यावर सांगतलं तवा आधी हासली. मंग रडली."

"आन् तुले ती उशिरा काहून दिसली?"

"कारन ती हलत नव्हती, बाबा. जे इमान काचेत इकडून तिकडे सरकते, त्याचं भेव नसते. ते निघून जाते. जे आपल्याकडेच येऊन राह्यलं ते काचेत एका जागीच दिसते, माशीसारखं. हलत नाही, नुसतं मोठं होते. आन् मी..." ती थांबली. "मी खाली पाहून राह्यली होती. तुमच्याकडे."

जगदेवनं वर लाल छपराकडे बघितलं.

"मोठ्या इमानात यंत्र असते, ते आधीच ओरडते. आमच्यात नाही."

"तुमचे साहेब काय म्हनतेत?"

"म्हने, लाल छपराकडे कोनी वळायचं नाही. आमी सारे हो म्हटलं."

"आन् तू?"

"मी बुधवारी येते बाबा. दहाले."

म्हणजे सगळेच येणार होते. जगदेवनं आयुष्यभर सूचना फलक लावले होते आणि आयुष्यभर लोकांना त्या फलकांना पाठ टेकून उभं राहताना बघितलं होतं. कारंजाच्या स्थानकावर एकदा पाणपोई अशा जागी बसवली होती की पाणी प्यायला निघालेला माणूस नेमका मागे येणाऱ्या गाडीच्या मागून जाई. पाटी लावली, दोरी बांधली, कर्ण्यावर घसा फोडला. उपयोग शून्य. शेवटी जगदेवनं रांजणच उचलून पार दुसऱ्या टोकाला नेला. लोकांनी उन्हाळाभर त्याला शिव्या घातल्या, पण गाडीखाली कोणी आलं नाही. माणसाला येऊ नको म्हणून सांगता येत नाही. तो ज्यासाठी येतो ते तिथून उचलावं लागतं.

त्यानं बेबीताईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. सूप थांबलं.

"पुसू नका," ती म्हणाली. "दोनच महिने राह्यले तिचे. मंग ती कुठं जाईन, कोन जाने."

"दुसरी इमानं येतेत ना इथं."

"येऊ द्या. दुसऱ्याले सांगा. शाळेले फोन करा."

"सांगतलं त्यायच्या साहेबानं. आपलीच पोरगी नाही ऐकून राह्यली, दुसऱ्याची कायले ऐकन?"

"मले का समजत नाही काय?" बेबीताईचा आवाज चढला. "ती दिसत नाही मले वर. इमान दिसते. मालूम हाये मले. पन घरावर येते ना ते."

"घरावर येते म्हनूनच, बेबी."

तिनं ज्वारीत हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग विचारलं, "रंग कोनता देता?"

"मातीचा."

"मंग बुधवारच्या आधी द्या."

हेमसिंगला हे समजावणं त्याहून अवघड गेलं. "साहेब, माह्या हातचं एवढं मोठं काम, आन् मीच पुसू?" तो कुरकुरत शिडी चढला. दोन दिवस वरून त्याचं बोलणं ऐकू येत राहिलं, कधी जगदेवला, कधी सरकारला, कधी ब्रशला उद्देशून. आपला नंबर त्यानं सगळ्यात शेवटी पुसला. खाली उतरून, चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून त्यानं बघितलं. "गेलं साहेब तुमचं घर," तो म्हणाला. "आता रंगूबाईच्या गोठ्यात आन् यात काही फरक नाही."

"असंच पायजे," जगदेव म्हणाला आणि आत गेला.

बुधवारी दहाला तो बाहेर आला, तर बेबीताईनं दोरीवर लाल सोलापुरी चादर घातलेली होती. दोन्ही टोकं ताणून, चिमटे लावून, अगदी आभाळाकडे तोंड करून.

"धुतली का?" जगदेवनं विचारलं.

"नाही."

दोघंही चादरीकडे बघत उभी राहिली. पोहरादेवीच्या बाजूनं आवाज यायला लागला होता. बेबीताईनं एक चिमटा काढला, मग दुसरा. चादर काढून तिनं घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि उशीएवढी होईस्तोवर ती घालतच राहिली.

विमान आलं. टाकीवर आलं, तिथून विहारावर गेलं. गावाबाहेर जाऊन परत आलं. एक चकर, दुसरी चकर, मग तिसरी. तिसऱ्या चकरेला ते बरोबर जगदेवच्या छपरावरून गेलं आणि थांबलं नाही, वळलं नाही. जगदेवला हात वर करावासा वाटला. त्यानं तो पाठीमागे दुसऱ्या हातात धरून ठेवला, काचेच्या खोलीत साहेबलोक आल्यावर उभा राहायचा तसा. शेवटी विमानानं गावाच्या मधोमध, कोणाच्याच नसलेल्या जागेवर, पंख हलवले आणि ते गेलं.

"बाबा, टिनाचं काय झालं?" संध्याकाळी फोनवर योगिनीनं विचारलं.

"रंग उडाला."

"जानेवारीत?"

"हेमसिंगचा रंग. तुले मालूम हाये ना."

मग ती म्हणाली, "सपनाले सांगते मी." आणि थोड्या वेळानं, "आई जेवली का?"

इंझोरीवरून वळायचं विमानांनी हळूहळू सोडलं. कोणी नदीवरून वळे, कोणी धनजकडून, कोणी कुठूनच नाही. दिवसातून तीन-चार दिसत, लांब लांब, आभाळभर पांगलेली. त्यातलं आपलं कोणतं हे आता सांगता येत नव्हतं. म्हणून बेबीताईनं तोडगा काढला. आजवर कधी हात न करणारी ती आता प्रत्येक विमानाला हात करू लागली. निंदण करताना आवाज आला तरी खुरपं टाकून उभी राही. जगदेवही करी. कोणाची तरी असेलच ना, असं तो म्हणे. शेजारी हसत. हेमसिंग हसत नसे. तोही आपल्या अंगणातून हात करी.

योगिनीचं शिक्षण मार्चअखेर संपलं. पुढच्या वर्षी तिला नोकरी लागली. तिचं विमान गुवाहाटीहून आगरतळ्याला जातं आणि परत येतं. वाशीम जिल्हा त्या वाटेवर लागत नाही.